विषय: घाटंजीजवळ आरोग्य योजनेचे कार्ड घेणारे मानसोपचारतज्ज्ञ कोणास माहीत आहेत का? (तातडीचे)

घाटंजीची ताई:

मंडळातील सर्वांस नमस्कार. माझ्या धाकट्या भावाविषयी आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून सगळे पुन्हा लिहीत नाही. पोळ्यापासून त्याची झोप गेली आहे, कपाशीची वेचणी सुरू झाली तरी तो वावरात पाऊल टाकत नाही, आणि काल त्याने आईला ‘मी नसतो तर तुमचे बरे झाले असते’ असे म्हटल्याचे भावजयीने फोनवर सांगितले. गेल्या आठवड्यात त्याला एका खाजगी दवाखान्यात नेले होते. तेथे कार्ड दाखवल्यावर ‘हे येथे चालत नाही’ म्हणून फी मागितली, आणि तो तसाच उठून घरी आला, कारण आपल्यावर कोणाचा पैसा खर्च होऊ नये हे त्याच्या मनाने घेतले आहे. मी येथून, परदेशातून, पैसे पाठवू शकते, पण तो ते घेणार नाही. म्हणून कार्ड घेणारा डॉक्टरच हवा आहे. इकडे रात्रीचे दोन वाजले आहेत, तिकडे उजाडत आले आहे. कोणी जागे असल्यास कृपया लगेच लिहावे.

वणीचे काका:

ताई, प्रथम शिधापत्रिका कोणत्या रंगाची आहे ते कळवा. धाकट्याचे नाव अजून वडिलांच्याच शिधापत्रिकेवर असेल आणि ती पांढरी असेल, तर महात्मा फुले योजनेत तो बसणार नाही आणि दवाखान्याने नाही म्हटले ते त्यामुळेच असेल. माझ्या साळ्याच्या वेळी नेमके हेच झाले होते. नाव वेगळे काढून केशरी शिधापत्रिका करण्यातच तीन महिने गेले.

सेवाग्रामच्या वहिनी:

काका, रंगाचे नंतर पाहू. ताई, सगळ्यांत आधी एक काम करा आणि ते आजच करा. घरात फवारणीचे जे औषध उरले असेल ते भावजयीने उचलून शेजारच्या घरी किंवा भावकीत कुलपात ठेवायला द्यावे, गोठ्यात किंवा माळ्यावर लपवून ठेवू नये. तो काल आईला जे बोलला, ते बोलणारा माणूस एकटा राहता कामा नये. आठ-दहा दिवस रात्री कोणीतरी त्याच्या खोलीत झोपावे. ‘मनात मरण्याचे विचार येतात का’ असे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट माझ्या सासूबाईंना तसे विचारले तेव्हाच त्या पहिल्यांदा रडल्या आणि पहिल्यांदा दवाखान्यात यायला तयार झाल्या.

आता कार्डाविषयी. महात्मा फुले योजना असो की आयुष्मान भारत, दोन्हींत भरती होऊन घेतलेल्या उपचाराचा खर्च मिळतो. डॉक्टरांसमोर बसून तपासून घेण्याचा आणि महिन्याच्या गोळ्यांचा मिळत नाही. मानसिक आजारासाठी भरतीचे उपचार आयुष्मानच्या यादीत आहेत, परंतु त्यास अंगीकृत (योजनेत सामील असलेले) रुग्णालय आणि पूर्वपरवानगी लागते. त्यामुळे कार्डावर नुसती तपासणी करून देणारा खाजगी डॉक्टर आपण जिल्हाभर शोधला तरी सापडणार नाही, आणि या शोधात दिवस मात्र जातील. धाकट्याला यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाच्या ओपीडीत न्यावे. तेथे केसपेपरचे नाममात्र पैसे पडतात, ते त्याने स्वतःच्या खिशातून द्यावेत, म्हणजे कोणाचा खर्च झाला असे त्याला वाटणार नाही. कार्ड आणि आधार मात्र सोबत असू द्या. डॉक्टरांनी भरती व्हायला सांगितले, तर त्याच रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राकडे ते लागेल.

आज तेथे पोहोचणे शक्य नसेल तर भावजयीने टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास आहे, मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते. आणि तो हातून जाईल असे वाटले तर फोनची वाट न पाहता १०८ ची गाडी बोलवावी.

मंडळाचे सचिव:

ताईंच्या काळजीत आम्ही सर्व सहभागी आहोत. तथापि, आजाराचा तपशील सर्व सभासदांपर्यंत जाऊ नये, या हेतूने आरोग्याविषयीची विचारणा आधी आरोग्य समितीकडे पाठवण्याचे गणपतीच्या बैठकीत ठरले होते, याची नम्र आठवण देतो. समितीजवळ विदर्भातील रुग्णालयांची यादी तयार आहे. ती ताईंना स्वतंत्रपणे पाठवत आहे.

दारव्ह्याचे भाऊ:

सचिवसाहेब, त्या यादीत यवतमाळ जिल्ह्यातले एकही नाव नाही. मी दिवाळीपूर्वीच हे निदर्शनास आणले होते. माझे मत असे की, एवढ्या गंभीर प्रसंगी सरकारी ओपीडीच्या रांगेत माणसाला उभे करू नये. आपण वर्गणी काढू आणि त्याला सरळ नागपूरला चांगल्या खाजगी डॉक्टरांकडे नेऊ. शिवाय आपल्या मंडळातच दोन मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्यांनी व्हिडिओवर पाहून गोळ्या लिहून दिल्या, तर प्रवासही वाचेल.

सेवाग्रामच्या वहिनी:

भाऊ, आपली तळमळ मला कळते. परंतु येथील डॉक्टरांची नोंदणी भारतात चालू नसेल, तर त्यांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीवर घाटंजीचा औषधवाला गोळ्या देऊ शकत नाही. २०२० च्या मार्चमधील टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना भारतात नोंदणी असलेल्या डॉक्टरांसाठीच आहेत. त्यांनी ताईंशी बोलून धीर द्यावा, एवढे नक्कीच व्हावे. वर्गणीचे म्हणाल, तर ज्या माणसाला आपण घरावर ओझे झालो असे वाटते, त्याच्या नावाने साठ घरांतून पैसे गोळा केल्याचे त्याला कळले तर काय होईल, याचा विचार करा.

नागपूरविषयीही लिहिते. सासूबाईंचा उपचार आम्ही आधी नागपुरात एका मोठ्या नावाच्या खाजगी दवाखान्यात सुरू केला होता. डॉक्टर चांगलेच होते, पण मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम हे औषध सुरू झाल्यावर वेळोवेळी त्याचे रक्तातील प्रमाण, थायरॉईड आणि मूत्रपिंड तपासावे लागते, आणि प्रत्येक वेळी गाडी करून जाणे, मुक्काम, लॅबचे बिल यांत चौथ्या महिन्यापासून त्या परस्पर गोळ्या सोडू लागल्या. पुढे त्यांना सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेले. सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी घरी परत येता येई, म्हणून उपचार टिकला. आज त्या सणाला पुरणाचा स्वयंपाक स्वतः करतात. या आजारात एकदाची मोठी भेट फारशी उपयोगी पडत नाही. वर्षभर पुन्हा पुन्हा जाता येईल एवढ्या अंतरावरचा दवाखाना लागतो.

वणीचे काका:

वहिनींच्या पहिल्या पत्राविषयी लिहितो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा असे स्पष्ट आहे, मग कार्डावर तपासणी नाकारणे कायद्यात कसे बसते? आणि पांढऱ्या शिधापत्रिकेचा मुद्दाही सुटलेला नाही. उद्या त्याला भरती करायचे ठरले आणि आरोग्यमित्राने शिधापत्रिका पाहून परत पाठवले, तर पुन्हा तेच होईल.

सेवाग्रामच्या वहिनी:

काका, समान वागणूक येथे मिळतेच आहे, कारण तापाच्या रुग्णाचीही भरती न होता केलेली तपासणी या कार्डावर होत नाही. योजनेची ही मर्यादा मलाही मान्य नाही, विशेषतः ज्या आजारात बहुतेक उपचार भरतीविनाच होतो त्यासाठी. पण ती आज रात्रीत बदलणार नाही. शिधापत्रिकेचे आपण म्हणता ते जुने झाले. अमरावती विभागाचे पाचही जिल्हे आणि वर्धा हे शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत असल्याने तेथील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना सातबाऱ्यावर ही योजना आधीपासून लागू होती, आणि १ जुलै २०२४ पासून तर सर्वच शिधापत्रिकाधारकांना ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ताईंनी सातबारा सोबत ठेवावा, म्हणजे वाद राहणार नाही.

वणीचे काका:

हे मला ठाऊक नव्हते. साळ्याचे प्रकरण २०१६ चे होते. सातबारा काढायला माझा पुतण्या आजच घाटंजीला जाईल. ताई, शेताचा गट क्रमांक मला एकट्याला कळवा.

घाटंजीची ताई:

सर्वांचे मनापासून आभार. फवारणीचे औषध भावजयीने त्याच दिवशी हलवले. मावसभाऊ सोमवारी सकाळच्या एसटीने त्याला यवतमाळला घेऊन गेला. दोन तास बसावे लागले, पण डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत घेऊन बराच वेळ विचारपूस केली. भरतीची गरज आज नाही असे ते म्हणाले. गोळ्या पंधरा दिवसांच्या तेथूनच मिळाल्या आणि केसपेपरचे पैसे त्यानेच दिले. परतताना तो मावसभावाशी बोलला, कपाशीच्या भावाविषयी का होईना, पण बोलला.

आता एक विचारायचे आहे. पुढच्या गोळ्या घाटंजीच्या ग्रामीण रुग्णालयातच मिळतील का, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक तेथे येत असल्यास कोणत्या वारी येते? गावच्या आशाताईंना विचारून ठेवले आहे, त्या बुधवारी सांगतील. काकांच्या पुतण्याला त्याआधी तेथे जाऊन पाहता आले, तर पंधराव्या दिवशी यवतमाळची फेरी करायची की नाही ते ठरवता येईल.