शब्दचर्चा : स्पर्शपडद्याच्या संदर्भात 'लेटन्सी' म्हणजे 'सुप्तता' की 'विलंब'?

स्पर्शपडद्याविषयीचा (टचस्क्रीनविषयीचा) एक मराठी मजकूर तपासत असताना 'लेटन्सी'साठी, म्हणजे बोट टेकल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंत जाणाऱ्या वेळासाठी, 'सुप्तता' असा शब्द योजलेला दिसला आणि तो मला अजिबात पटला नाही. सुप्त म्हणजे निजलेले, आत दडलेले. सुप्त गुण आणि सुप्त इच्छा या प्रयोगांत तो शोभतो. येथे मात्र काहीच निजलेले नसते. बोट टेकल्यावर काचेखालचा संवेदक बोटाची जागा हेरतो, ती माहिती ॲपपर्यंत जाते, ॲप नवे चित्र तयार करते आणि ते चित्र पडदा पुन्हा रेखाटला जाण्याची वाट पाहत थांबते. सेकंदाला 60 वेळा रेखाटल्या जाणाऱ्या पडद्यावर रेखाटण्याची एकच फेरी सुमारे 16.7 मिलिसेकंदांची असते. एवढ्या धावपळीला सुप्तता म्हणणे म्हणजे मूळ शब्दाचा कोशातला भलताच अर्थ उचलणे होय.

'उशीर' हा शब्दही चालणार नाही, कारण उशीर ठरलेल्या वेळेच्या तुलनेत होतो. 'दिरंगाई'त हयगयीचा आरोप आहे, आणि तो माणसावरच करता येतो.

राहिला 'विलंब', आणि माझ्या मते तोच योग्य आहे. त्याच्या मुळाशी 'लम्ब्' हा धातू आहे. आपले 'लोंबणे' त्याच कुळातले. पडद्यावर बोट ओढून पाहिले की हा अर्थ डोळ्यांसमोर उभा राहतो. माझ्या जुन्या टॅबलेटवर मी बोटाने 'विलंब' हाच शब्द लिहून पाहिला. शिरोरेषा ओढताना बोट 'ब'च्या पुढे गेले होते आणि रेषा अजून 'ल'च्या डोक्यावरच होती. ती बोटामागे अक्षरशः लोंबत होती. 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील पॉल डिएट्झ यांनी एका प्रात्यक्षिकात बोटामागे सरकणारा पांढरा चौकोन दाखवला होता. 100 मिलिसेकंदांच्या विलंबाला तो बोटापासून स्पष्ट मागे राहत असे, आणि विलंब 1 मिलिसेकंदावर आणल्यावर बोटाला चिकटल्यासारखा फिरत असे. हिशेबही साधा आहे : बोट सेकंदाला 30 सेंटीमीटर वेगाने सरकत असेल, तर 100 मिलिसेकंदांत चित्र 3 सेंटीमीटर मागे पडते. चित्र काढणाऱ्याला किंवा लिहिणाऱ्याला हे अंतर फार जाचते. 2019 मध्ये ॲपलने आयपॅडवर लिहिण्याच्या आपल्या पेन्सिलचा विलंब 20 मिलिसेकंदांवरून 9 वर आणल्याचे आवर्जून जाहीर केले, ते याचसाठी.

मात्र नुसते बटण दाबताना मागे लोंबणारे असे काही दिसत नाही, आणि तेथे 'विलंब' हा शब्द अनुभवाला पुरा पडतो का, याविषयी मी साशंक आहे. माझी आई फोनवर पिन भरताना एक आकडा दाबते, ठिपका उमटला नाही म्हणून "दाबलंच गेलं नाही वाटतं" असे म्हणून पुन्हा दाबते, आणि मग दोन ठिपके एकदम उमटतात. तिला वेळ गेल्यासारखे वाटत नाही, तर आपलेच बोट चुकल्यासारखे वाटते. संगणकाच्या प्रतिसादाचा अभ्यास करणारे रॉबर्ट मिलर यांनी 1968 सालीच, स्पर्शपडदे घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी, कळ दाबल्याची पोच सेकंदाच्या दहाव्या भागात मिळायला हवी असे मांडले होते. या ठिकाणी मला 'पोच' हा शब्द नेमका वाटतो, आणि म्हणून 'पोचकाळ' असा शब्द सुचवावासा वाटतो. 'प्रतिसादकाळ' रूढ आहे, पण तो संपूर्ण काम उरकण्याच्या वेळेलाही लावला जातो.

तिसरा प्रकार मुद्दाम थांबण्याचा आहे. फोनवरचे ब्राउझर पूर्वी प्रत्येक स्पर्शानंतर सुमारे 300 मिलिसेकंद थांबत असत, कारण मजकूर मोठा करण्यासाठी दुसरा स्पर्श होतो आहे का, हे त्यांना पाहायचे असे. फोनच्या रुंदीला बेतलेल्या पानांसाठी हे थांबणे पुढे काढून टाकण्यात आले. त्या थांबण्याला मी 'खोळंबा' म्हणेन : यंत्र मंद नसते, दुसऱ्या कशासाठी तरी अडून राहिलेले असते.

बोलताना आपण तिन्ही प्रकारांना 'फोन हँग होतोय' किंवा 'अडकतोय' एवढेच म्हणतो. 'पोचकाळ' कोणाला कृत्रिम वाटत असेल, तर दाबूनही काहीच न उमटण्याच्या त्या क्षणासाठी आपल्या घरात किंवा गावाकडे कोणता शब्द वापरला जातो, तो कृपया येथे नोंदवावा.