मदत हवी आहे: मुलांच्या खाण्यासाठी शाळेत मोहीम करावी की आधी आम्हा पालकांना धरावं?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण येत्या पंधरा दिवसांत एक निर्णय घ्यायचाय आणि डोक्यात नुसता गुंता झालाय, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे, पहिलीत. तिच्या शाळेच्या पालक समितीत मी यंदाच आले. शाळेला मुलांच्या खाण्यापिण्यावर वर्षभराचा उपक्रम करायचाय आणि त्याची आखणी आमच्याकडे दिलीय. बहुतेकांचं म्हणणं मोहीम करूया, म्हणजे पोस्टर स्पर्धा, घोषणा, आहारतज्ज्ञांचं एक व्याख्यान, घरोघरी पत्रक आणि शेवटी मुलांकडून शपथ. मी आणि अजून दोघीजणी म्हणतोय की हे सगळं छान पार पडेल, फोटोही निघतील, पण डब्यात काही फरक पडणार नाही, त्यापेक्षा पालकांना धरा, घरात काय चाललंय तिथून सुरुवात करा. यावरून मागच्या मीटिंगला आवाज चढले. एक बाबा म्हणाले, "पालकांना शिकवायला जाऊ नका हो, दिवसभर राबून आलेल्या माणसाला ते लागतं." घरी आल्यावर मी त्यावर खूप विचार केला. त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाहीये.

माझं मत कशामुळे बनलं ते सांगते. मागच्या वर्षी मुलीच्या वर्गात भाज्यांचा तक्ता लावला होता. तिला तो तोंडपाठ, कुठल्या भाजीत कुठलं जीवनसत्त्व ते घडाघडा म्हणून दाखवायची. एका रात्री असंच सगळं म्हणून झालं, मग जेवायला बसली, फरसबीचा एक तुकडा तोंडात घातला आणि मला वाटलं चला, खाल्ला एकदाचा. तासाभराने दात घासायला उभी केली, आ कर म्हटलं तर तोच तुकडा गालाच्या आत, चोखून चोखून पांढरा पडलेला. इतका वेळ तिने तो तसाच धरून ठेवला होता, कारण थुंकला तर मी ओरडणार आणि गिळायचा तर गिळवत नाही. त्या दिवशी माझ्या पोटात कालवलं. फायदे सगळे पाठ होते तिला, पण त्याने जिभेला काय फरक पडला?

दुसरी गोष्ट त्याहून वाईट वाटली. आजी बिस्किट खात बसली होती आणि ही म्हणाली, "आजी तू वाईट खातेस, तू आता आजारी पडणार." आजीने हातातलं अर्धं बिस्किट खाली ठेवलं, काही बोलली नाही. मुलीची काय चूक, तिला शिकवलंच होतं की खाणं दोन प्रकारचं, चांगलं आणि वाईट. पण मग वाईट खाणारं माणूस वाईट, हे ती आपलं आपणच पुढे जोडते.

त्यानंतर मी वाचायला लागले आणि जे सापडलं त्याने मोहिमेवरचाच नाही तर माझ्या स्वतःच्या पद्धतीवरचाही विश्वास उडाला. आमच्या घरी दोन वर्षं रोज "भाजी संपव मग चॉकलेट" हेच चाललं होतं. लिअन बर्च नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी मुलांच्या खाण्यावर आयुष्यभर काम केलंय. त्यांच्या गटाचा 2006 चा एक प्रयोग आहे, तीन ते पाच वर्षांच्या मुलांना सूप दिलं, एका सूपच्या वेळी मोठं माणूस संपव संपव म्हणणार, दुसऱ्याच्या वेळी काहीच नाही म्हणणार. मागे न लागता मुलं जास्त सूप प्यायली, आणि मागे लागल्यावर त्याच सूपबद्दल नाक मुरडायला लागली. 1999 च्या त्यांच्याच अभ्यासात उलट बाजू दिसली, जो खाऊ डोळ्यासमोर ठेवून घेऊ दिला नाही त्याच्यावरच मुलांचं लक्ष जास्त. म्हणजे मी दोन वर्षं फरसबी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस असंच शिकवत होते, तेही रोज आणि स्वतःच्या हाताने.

आता समितीला दाखवावा असा खरा अभ्यास. लंडनला जेन वॉर्डल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरांचे तीन गट केले. एका गटाच्या पालकांना सांगितलं की मुलाला न आवडणारी एकच भाजी घ्या आणि 14 दिवस रोज एक इवलासा तुकडा नुसता चाखायला द्या, दुसऱ्या गटाला आहाराची माहिती आणि पत्रक दिलं, तिसऱ्याला काहीच नाही. आवड वाढणं आणि प्रत्यक्ष खाणं वाढणं, हे सगळं मिळून फक्त चाखणाऱ्या गटात झालं. पत्रकवाल्यांची गाडी तशी पुढे सरकलीच नाही. आम्ही घरोघरी वाटणार आहोत ते हेच पत्रक ना?

आणि 2014 चा एक अभ्यास वाचून तर मी दोनदा तपासलं की मला बरोबर कळलंय का. मिखल मायमरान आणि आयलेट फिशबाख या संशोधकांनी शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या मुलांना गोष्ट सांगितली. काही मुलांच्या गोष्टीत तो पदार्थ खाल्ला की ताकद येते किंवा अभ्यास जमतो असं होतं, काहींच्या गोष्टीत तसं काही नव्हतं. फायदे ऐकलेल्या मुलांनी तो पदार्थ कमी खाल्ला. मुलांना वाटतं की एवढ्या फायद्याचं आहे म्हणजे चवीला चांगलं नसणार. आमच्या सगळ्या घोषणा फायद्यांच्याच आहेत.

आम्ही घरी तो 14 दिवसांचा प्रयोग करून बघितला, लाल ढोबळी मिरची घेऊन. करंगळीच्या नखाएवढा तुकडा, जेवणाच्या वेळी नाही तर संध्याकाळी खेळून आल्यावर, नको असेल तर थुंकायची परवानगी. पहिले चार दिवस थुंकला. पाचव्या दिवशी चावला आणि मग थुंकला. नवव्या की दहाव्या दिवशी मी विसरले तर तीच म्हणाली, "आई, आज तुकडा राहिला." आता ती काही मिरची आवडीने खाते असं नाही पण ताटात दोन फोडी स्वतः वाढून घेते आणि संपवते. नवरा पण तिच्याबरोबर एक फोड खायचा, काही न बोलता, नुसती खायची. आधी तो ताटातल्या भाज्या बाजूला सारायचा, आणि ती बघायची. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.

इथपर्यंत मला वाटत होतं की झालं, पालकच सगळं आहेत. पण त्या बाबांचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं म्हणून उलट बाजूही शोधली आणि तिथे चिली देशाचं उदाहरण मिळालं. तिथे 2016 पासून साखर, मीठ, चरबी किंवा कॅलरी जास्त असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी शिक्का छापावा लागतो, अशा पाकिटांवर कार्टून चालत नाही, शाळेत ते विकता येत नाहीत, मुलांसाठीच्या जाहिरातीही बंद. त्यानंतर गोड पेयांची खरेदी जवळजवळ 24 टक्क्यांनी कमी झाल्याचं अभ्यासात आलं. आणि मला सगळ्यात भिडलं ते हे की तिथल्या आयांशी बोलल्यावर कळलं, लहान मुलंच दुकानात सांगतात, आई हे नको घेऊ, याच्यावर शिक्के आहेत. म्हणजे मोहीम मुलांमार्फत घरात शिरू शकते, पण ती शिरली कारण दुकान बदललं, शाळेतली विक्री थांबली, पाकीट बदललं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात तर 13 वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिरात करायला 1980 पासूनच बंदी आहे. आमच्याकडे पोस्टरवर लिहिणार चिप्स खाऊ नका आणि मधल्या सुट्टीत शाळेच्याच काउंटरवर चिप्स मिळणार, तर मूल कोणाचं ऐकेल? आणि संध्याकाळी त्याच्या पालकाला तरी एकट्याने किती भांडता येईल?

शिवाय पैशांचं. एकच भाजी आठ-दहा वेळा समोर ठेवायची म्हणजे सात-आठ वेळा ती वाया जाणार हे धरूनच चालायचं. माझ्या घरी ते चालून गेलं. ज्या घरी महिनाअखेर मोजून खर्च होतो तिथली आई जे हमखास खाल्लं जाईल तेच आणणार, आणि बरोबरच आहे तिचं. तिला व्याख्यान देऊन काय उपयोग? म्हणून आता माझ्या मनात असं येतंय की चाखण्याचं कामच शाळेने उचलावं, वाया जाईल ते शाळेच्या खर्चात जाऊ दे. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात तयार झालेला फूड ड्यूड्स नावाचा कार्यक्रम असाच आहे, मुलांना शाळेत रोज भाजी आणि फळ चाखायला देतात, गोष्टीतले मोठे दादा-ताई ते खाताना दाखवतात आणि चाखलं की छोटं बक्षीस. आयर्लंडच्या प्राथमिक शाळांमध्ये तो 2007 पासून मोठ्या प्रमाणावर राबवला गेला.

आता मदत कशात हवी ते. पहिलं म्हणजे या बक्षिसाचंच. मी चॉकलेटची लाच बंद केली आणि इथे परत बक्षीस, मग यात फरक काय? 2011 च्या एका ब्रिटिश अभ्यासात चाखल्यावर स्टिकर किंवा शाबासकी दिली तरी आवड कमी झाली नाही, उलट तीन महिन्यांनंतरही त्या मुलांचं खाणं टिकून होतं. मला वाटतं स्टिकर हे एका तुकड्याच्या धाडसासाठी असतं आणि चॉकलेट हे सगळं ताट संपवण्यासाठी, शिवाय ते स्वतःच खाण्याची वस्तू. पण कुणी शाळेत किंवा घरी स्टिकर वापरून पाहिले असतील तर सांगा, स्टिकर बंद केल्यावर काय झालं?

दुसरं, शाळेच्या काउंटरचा विषय समितीत कसा काढू? त्यातून शाळेला थोडं उत्पन्न मिळतं म्हणून मुख्याध्यापक बाई तो विषय टाळतात. भांडण नकोय मला, माझी मुलगी तिथेच शिकणार आहे. कुणी असं काही शांतपणे जमवलं असेल, निदान आठवड्यातून दोन दिवस फक्त फळं ठेवण्यापासून सुरू केलं असेल, तर पहिलं वाक्य काय बोललात तेवढं तरी सांगा.

आणि पालकांना बोलवायचं तर कसं, की त्यांना परीक्षेला बसवल्यासारखं वाटू नये. माझ्या मनात आहे की व्याख्यान नकोच, एक संध्याकाळ, मुलं आणि मोठे एकाच टेबलाशी, मोठ्यांनी पण स्वतःला न आवडणारी एक भाजी चाखायची. बाबा लोक येतील का हा प्रश्न आहेच.

*

भर घालतेय: तिघांनी विचारलं म्हणून. हो, वजन आणि वाढ डॉक्टरांना दाखवलीय, सगळं ठीक आहे. ज्यांचं मूल चार-पाचच पदार्थ खातं, खाताना ओकारी काढतं किंवा ज्याचं वजन थांबलंय त्यांनी कृपया या तुकड्याच्या प्रयोगावर विसंबू नका, आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा.

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची पद्धत ज्यांनी सुचवली त्यांचे खूप आभार. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने, ही विभागणी मला पाठ झालीय पण ताटात भात आणि भाजी तशीच उरलेली बघून "अजून एक घास" हे तोंडातून निघतंच. ते थांबवायला तुम्ही काय केलंत?

आजीशी बोलले. आता मुलगी आणि आजी एकत्र बिस्किट खातात, चार वाजता, दोन-दोन. घरात चांगलं-वाईट हे शब्द खाण्यासाठी वापरायचे नाहीत असं ठरवलंय, रोजचं आणि कधीतरीचं असं म्हणतो. मीटिंग पुढच्या शनिवारी आहे, काउंटरबद्दल कुणाचा अनुभव असेल तर त्याआधी नक्की लिहा.