‘टायटल’ला शीर्षक म्हणावे की मथळा?

सारंगनयन: वेबपानांच्या रचनेवरील एका पुस्तिकेचा अनुवाद करताना अडलो आहे. मूळ मजकुरात ‘टायटल’ आणि ‘हेडिंग’ यांत कटाक्षाने भेद केला आहे. पहिले पानाच्या मजकुरात दिसत नाही, ते टॅबवर, बुकमार्कमध्ये आणि शोधाच्या निकालांत उमटते. दुसरे पानावरच ठळक अक्षरांत असते. मी दोन्हींना ‘शीर्षक’ म्हटले, आणि संपादकांनी मजकूर परत पाठवला.

अवग्रह: टायटलला ‘शीर्षक’ आणि हेडिंगला ‘मथळा’ म्हणावे. शीर्ष काय आणि माथा काय, दोन्ही डोकीच. तरी एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपाने लिहिण्याच्या भाषेत, टायटल ‘हेड’ विभागात राहते आणि हेडिंग मात्र ‘बॉडी’त, म्हणजे धडात, हा विनोद मराठीने घडवलेला नाही.

जुनापुराणा: व्युत्पत्तीने काम भागणार नाही. मथळा वर्तमानपत्राचा, तो लक्ष वेधण्यासाठी असतो. टायटलचे काम वीस उघड्या टॅबमधून हवे ते पान ओळखू येणे एवढेच आहे. लॅटिनमधील ‘टिट्युलस’चाही एक अर्थ पाटी असाच होता, म्हणून मी ‘पाटी’ सुचवतो.

अवग्रह: आणि ‘प्रत्येक पानाला पाटी द्यावी’ हे वाक्य आपण गंभीरपणे छापणार? त्यापेक्षा ‘टायटल’ राहू द्या. ते सर्वांना कळते.

रफार: मी स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली, वापरते. पान उघडले की मला सर्वप्रथम हेच ऐकू येते. २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० मध्येही, म्हणजे वेबपाने अपंगांनाही वापरता यावीत यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांतही, पानाला विषय सांगणारे टायटल असणे ही किमान पातळीची अट आहे. एका संकेतस्थळाने सर्व पानांना आधी संस्थेचे लांबलचक नाव आणि मग विषय अशी टायटले दिली होती. टॅब अरुंद झाला की शेपूट कापले जाते, त्यामुळे डोळस सहकाऱ्यांना सात टॅबवर एकच नाव दिसे आणि मला ते सात वेळा ऐकावे लागे. पानाचे वेगळेपण आधी, संस्था शेवटी, एवढे पाळले तर त्याला पाटी म्हणा की शीर्षक, माझी हरकत नाही. पहिल्या पानाचे टायटल तर नुसते ‘मुख्यपृष्ठ’ होते.

जुनापुराणा: ‘मुखपृष्ठ’ हवे. मराठी विकिपीडियाही तेच लिहितो.

अवग्रह: मुखपृष्ठ पुस्तकाला असते आणि ते उलटून आत जायचे असते. जिथून सर्व वाटा फुटतात ते मुख्यपृष्ठ.

जुनापुराणा: वाटा फुटतात ती अनुक्रमणिका.

रफार: तिन्ही शब्दांत संकेतस्थळाचे नाव कोठे आहे?