४ आयएसएल लावले पण ट्रंक दोन होतायत, आणि डीएचचॅप ऑन केल्यावर रिबूटनंतर लिंकच येत नाहीत

साठवण_रात्रपाळी

नमस्कार मंडळी, दोन प्रॉब्लेम आहेत, दोन्ही एकाच जोडीवर म्हणून एकत्रच लिहितोय. दोन ब्रोकेड फायबर चॅनेल स्विच (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारे), १६ जी, फॅब्रिक ए मधले (ए आणि बी अशी दोन वेगळी स्विच-नेटवर्क आहेत). मधे ४ आयएसएल (स्विच-टू-स्विच लिंक) आहेत, दोन्हीकडे पोर्ट ६, ७, ८, ९. ट्रंकिंगचं (अनेक लिंक जोडून एक करण्याचं) लायसन्स दोन्ही स्विचवर आहे, स्पीड सगळ्यांचा सेम, पोर्टसीएफजीशो कमांडमधे ट्रंक पोर्ट ऑन दिसतंय, तरी ट्रंकशो कमांड मारली की दोन वेगळे ट्रंक येतात, ६-७ चा एक आणि ८-९ चा दुसरा, दोघांना आपापला मास्टर. मला ६४ जी चा एकच पाइप हवाय. एसएफपी (पोर्टमधले ऑप्टिकल मॉड्यूल) बदलून बघितले, पोर्ट बंद-चालू करून झाले, काही फरक नाही.

दुसरं म्हणजे सिक्युरिटी ऑडिटमधे सांगितलं की स्विच टू स्विच ऑथेंटिकेशन पाहिजे, म्हणून डीएचचॅपचे (सीक्रेटवरून एकमेकांची ओळख पटवण्याची पद्धत) सीक्रेट टाकले आणि दोन्हीकडे पॉलिसी ऑन केली. तीन आठवडे काहीच झालं नाही, सगळं मस्त चालू. मग फर्मवेअरसाठी एक स्विच रिबूट केला आणि चारही आयएसएल डिसेबल होऊन बसले, कारण ऑथेंटिकेशन फेल. मल्टिपाथमुळे (सर्व्हरला दोन्ही फॅब्रिकमधून रस्ता असल्याने) बी फॅब्रिकवरून काम चाललं म्हणून निभावलं, पण ती रात्र काही विसरत नाही. सध्या पॉलिसी ऑफ करून पोर्ट एनेबल केलेत. तीन आठवडे नीट चाललेली गोष्ट रिबूटनंतरच का मोडते ते कोणी सांगेल का?

फायबर_जुना

पहिल्याचं उत्तर तुमच्या पोर्ट नंबरातच आहे. हा ट्रंक एएसआयसीच्या (स्विचमधल्या चिपच्या) आत फ्रेम पातळीवर बनतो आणि त्यासाठी सगळे पोर्ट एकाच पोर्ट ग्रुपमधे लागतात. ग्रुप ८-८ चे असतात, ० ते ७ एक, ८ ते १५ दुसरा. तुमचे ६, ७ पहिल्यात आणि ८, ९ दुसऱ्यात, म्हणजे चार सलग पोर्ट घेतले पण बरोबर सीमेवर घेतले, मग एसएफपी कितीही बदला काही होणार नाही. एका ग्रुपमधे जास्तीत जास्त ८ लिंकचा ट्रंक होतो, तेव्हा ४, ५, ६, ७ घ्या आणि समोरच्या स्विचवरही एकाच ग्रुपमधले घ्या.

केबलची लांबीही बघून घ्या, चारही लिंकमधे ३० मीटरपेक्षा जास्त फरक नको. ट्रंकशोमधे प्रत्येक लिंकपुढे डेस्क्यूचा (लिंकमधल्या वेळेच्या फरकाचा) आकडा असतो, सगळ्यात जवळच्या लिंकला १५ येतो, बाकीचे त्याच्या आसपास असले की ठीक. एखादा बराच वर गेला तर ती केबल पॅच पॅनेलवरून वळसा घालून आली असणार.

४ आणि ५ वर आत्ता काय आहे? होस्ट किंवा स्टोरेज असेल तर हलवायच्या आधी झोनिंग (कोण कोणाशी बोलू शकतो ती यादी) तपासा. डब्ल्यूडब्ल्यूएनने (उपकरणाच्या कायमच्या पत्त्याने) झोन केले असतील तर चिंता नाही, पण कोणी डोमेन-पोर्टने (स्विच आणि पोर्टच्या नंबराने) केले असतील तर केबल हलली की झोन तुटला. आणि पोर्ट बदलला की एफसीआयडी (फॅब्रिकने दिलेला पत्ता) पण बदलतो, जुन्या एचपी-यूएक्सला किंवा डायनॅमिक ट्रॅकिंग बंद असलेल्या एआयएक्सला ते चालत नाही, डिस्क गायब दिसतात. हे मी स्वतः भोगलंय म्हणून एवढं लांबवून सांगतोय.

की_विरुद्ध_की

दुसऱ्याचं मी सांगतो. ऑथेंटिकेशन होतं लिंक वर येताना. चालू असलेल्या ई-पोर्टवर (आयएसएलच्या पोर्टवर) तुम्ही सीक्रेट टाका नाहीतर पॉलिसी बदला, त्याला पुढच्या इनिशियलायझेशनपर्यंत काही फरक पडत नाही. म्हणजे तुमचे सीक्रेट पहिल्या दिवसापासून चुकलेले होते आणि रिबूटने ते फक्त उघडं पडलं.

चूक कुठे होते तर सीक्रेट टाकताना स्विच दोन गोष्टी विचारतो, पीअर (समोरच्याचं) सीक्रेट आणि लोकल (स्वतःचं) सीक्रेट, आणि दोन्ही स्विचवर उलटे टाकायचे असतात. पहिल्यावर पीअर = क, लोकल = ख असेल तर दुसऱ्यावर पीअर = ख, लोकल = क. बरेच जण दोन्हीकडे एकाच नोटपॅडमधून त्याच क्रमाने पेस्ट करतात. नंतर शो मारलं तरी फक्त कुठल्या डब्ल्यूडब्ल्यूएनसाठी सीक्रेट आहे एवढंच दिसतं, सीक्रेट दिसत नाही, त्यामुळे डोळ्याने तपासायला वावच नाही.

पॉलिसीबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. ॲक्टिव्ह म्हणजे सुरक्षित, लिंक पडणार नाही, असं लोक धरून चालतात. समोरचा स्विच ऑथेंटिकेशन करतच नसेल तर ॲक्टिव्हमधे लिंक राहते हे खरं, पण समोरचा करतोय आणि सीक्रेट चुकलं तर ॲक्टिव्हमधेही पोर्ट डिसेबल होतो. डीफॉल्ट पॅसिव्ह असतं, तो स्वतःहून सुरू करत नाही, पण समोरच्याने विचारलं तर उत्तर देतो. आणि ऑथ टाइप स्पष्टपणे डीएचचॅपवर सेट करा, सर्टिफिकेट नसताना एफकॅपच्या (सर्टिफिकेटवर चालणाऱ्या पद्धतीच्या) भानगडीत पडू नका.

आत्ता तुमचे दोन ट्रंक आहेत हे एका अर्थी बरंच आहे. नवीन सीक्रेट टाका, पॉलिसी ॲक्टिव्ह करा, मग ८-९ चा ट्रंक बंद करून परत चालू करा. ६-७ ला हात लावू नका, ट्रॅफिक त्यावरून जाईल. ८-९ च्या लिंक परत चालू झाल्या म्हणजे सीक्रेट बरोबर. नाही झाल्या तरी फॅब्रिक तुटणार नाही. फक्त गर्दीची वेळ नको.

व्हीसॅनवाला

कोणी सिस्को एमडीएसवर (सिस्कोच्या फायबर चॅनेल स्विचवर) हे वाचून करणार असेल तर शब्दांकडे लक्ष द्या, तिथे ट्रंकिंग म्हणजे एका लिंकवरून अनेक व्हीसॅन (एकाच स्विचवरच्या वेगळ्या व्हर्च्युअल फॅब्रिक) नेणं, आणि लिंका जोडून एक मोठी करणं म्हणजे पोर्टचॅनल. पोर्टचॅनलमधे १६ लिंकपर्यंत जातात आणि वेगवेगळ्या लाइन कार्डवरचे पोर्टही चालतात, ८ च्या ग्रुपचं बंधन नाही. एफसीएसपी (तिथलं डीएचचॅप ऑथेंटिकेशन) मात्र फिजिकल इंटरफेसवर होतं, पोर्टचॅनलवर नाही, म्हणजे प्रत्येक मेंबरवर मोड लावायला लागतो, एक विसरला तर तोच शोधत बसाल. पासवर्ड रेडियस किंवा टॅकॅक्सवर (बाहेरच्या ऑथेंटिकेशन सर्व्हरवर) ठेवणार असाल तर हॅश एमडी५ च ठेवायला लागतो.

साठवण_रात्रपाळी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काल रात्री केलं. नोटपॅड उघडून बघितलं तर अगदी तेच, दोन्ही स्विचवर पीअर आणि लोकल एकाच क्रमाने पेस्ट केलेले. ५ वर बॅकअप सर्व्हरचा एचबीए (फायबर चॅनेल कार्ड) होता, ४ वर स्टोरेजचा एक पोर्ट. झोन डब्ल्यूडब्ल्यूएनचेच निघाले. आधी सीक्रेट उलटे करून ॲक्टिव्ह केलं, मग ८-९ बंद करून बॅकअप आणि स्टोरेज तिकडे हलवले, आयएसएलच्या दोन केबल ४-५ वर आणल्या. समोरच्या स्विचवर ४-५ रिकामेच होते. नवीन लिंक ऑथेंटिकेशन करूनच वर आल्या, मग ६-७ पण एकदा बंद-चालू केले. ट्रंकशोमधे आता चारही एका ट्रंकमधे, डेस्क्यू १५, १५, १६, १७. पॉलिसी ऑन करून शेवटी तोच स्विच मुद्दाम रिबूट केला, चारही लिंक परत आल्या. बी फॅब्रिकवरही मी तेव्हा त्याच नोटपॅडमधून टाकलं होतं, त्याचे सीक्रेट आज रात्री बदलतोय.