थिएटर कमांड: हुकूम एकाचा असावा की तिघांचा?

सह्यवारा: थिएटर कमांड म्हणजे एका आघाडीवरची तिन्ही दलं एकाच सेनापतीच्या हुकमाखाली. ती का हवी? कच्छचंच घ्या. तिथलं लष्कर पुण्याच्या दक्षिण कमांडकडे बघतं, भूज-नलियाची विमानं गांधीनगरकडे, आणि समोरचा समुद्र मुंबईच्या पश्चिम नौदल कमांडकडे. उद्या तिथे काही पेटलं तर तिघांची जुळणी शेवटी दिल्लीत होणार. देशभर अशा १७ कमांड आहेत: लष्कराच्या ७, हवाई दलाच्या ७, नौदलाच्या ३. कारगिलच्या वेळी, मे १९९९ मध्ये, लष्कराने हेलिकॉप्टरं मागितली तर हवाई दलाचं उत्तर होतं, आधी सरकारची परवानगी आणा. हल्ले सुरू झाले २६ मेला. तोवर आपले जवान उघड्या कड्यांवर चढतच होते. एका आघाडीला एकच सेनापती हवा, माझं मत ठाम आहे.

निळं_आभाळ: कारगिलचं उदाहरण मला पटत नाही. परवानगी मंत्रिमंडळाच्या समितीने द्यायची होती. थिएटर कमांडर असता तरी त्यालाही थांबावंच लागलं असतं. खरी अडचण संख्येची आहे. लढाऊ विमानांच्या मंजूर स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या, ४२, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ गेल्यावर उरल्या २९. हवेत इंधन भरणारी आयएल-७८ मोजून ६. ती पश्चिमेला किती द्यायची, उत्तरेला किती? सकाळी पंजाबात असलेलं विमान संध्याकाळी आसामात लढू शकतं, हीच हवाई दलाची ताकद. वाटे घातले की ती संपली. ऑगस्ट २०२५ मध्ये महूला हवाई दल प्रमुख ए. पी. सिंग यांनीही घाई नको असं उघड सांगितलं.

दर्यावर्दी: मी नौदलात होतो, काही वर्षं तिन्ही दलांच्या एकत्र तळावर काढली. तेव्हाची गोष्ट. एक जवान आणि एक हवाई सैनिक एकाच रात्री पहाऱ्यावर पिऊन सापडले. आमचे साहेब लष्करातले कर्नल. जवानाचा निकाल त्यांनी चार दिवसांत लावला. दुसऱ्याला हात लावता येईना, कारण त्याला हवाई दलाचा कायदा लागू. त्याला मूळ युनिटला परत पाठवा, कागद पाठवा, साक्षीदार पाठवा! जवान मला विचारायचा, "सर, मीच काय पाप केलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अंदमान-निकोबारची संयुक्त कमांड २००१ पासूनची, पण शिस्तीचा अधिकार एकत्र देणारा कायदा झाला २०२३ मध्ये, लागू झाला मे २०२४ मध्ये. हे आधी व्हायला हवं होतं. आणि अजूनही बढतीचं बोर्ड ज्याच्या त्याच्या दलाचंच. माणूस शेवटी बढती देणाऱ्याकडेच बघतो.

सह्यवारा: दर्यावर्दी, तुमचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. आभाळ, वाटे घाला असं मी म्हणतच नाही. दल उभं करणं, शिकवणं हे प्रमुखांकडे राहू द्या, लढवणं कमांडरकडे. अमेरिकेचं १९८० चं इराणमधलं ओलीस सोडवण्याचं अभियान आठवा. नौदलाची हेलिकॉप्टरं, मरीन वैमानिक, हवाई दलाची मालवाहू विमानं, लष्कराचे कमांडो. वाळवंटात टक्कर होऊन ८ जण गेले. १९८६ मध्ये त्यांनी कायदाच बदलला आणि लढाईचा हुकूम एका कमांडरकडे दिला.

निळं_आभाळ: अमेरिकेच्या कमांड साता समुद्रापार लढतात आणि त्यांच्याकडे विमानं भरपूर आहेत. आपल्या दोन्ही सीमा घराला लागून. तरी तुमची विभागणी एकदा मान्य करून बघतो. मग एवढंच सांगा: दोन थिएटर कमांडरांनी एकाच रात्री तीच सहा आयएल-७८ मागितली, तर नाही कोणी म्हणायचं? सीडीएसने (तिन्ही दलांच्या संरक्षण प्रमुखाने), हवाई दल प्रमुखाने, की मंत्र्याने? हे कागदावर येईपर्यंत माझा विरोध कायम.