मदत हवी आहे: स्फेरिकलमध्ये फायची लिमिट पाय/२ ला का थांबते?

नमस्कार मंडळी, एम-टूचा (मॅथ्स-२) पेपर जवळ आलाय आणि स्फेरिकल कोऑर्डिनेट्समध्ये अँगलच्या लिमिट्सपाशी गाडी अडलीये. रो म्हणजे ओरिजिनपासूनचं अंतर, फाय हा कोन वरच्या झेड ॲक्सिसपासून मोजलाय, थीटा एक्सवाय प्लेनमध्ये एक्स ॲक्सिसपासून (फाय-थीटा फिजिक्सवाले बरोब्बर उलटं लिहितात, तेवढं सांभाळून वाचा).

गोल आहे एक्स² + वाय² + झेड² = २झेड, म्हणजे रो = २ कॉस फाय, आणि त्याला झेड = √(एक्स² + वाय²) हा शंकू कापतो. शंकूच्या आतला भाग जमला, थीटा ० ते २पाय, फाय ० ते पाय/४, रो ० ते २ कॉस फाय, घनफळ आलं पाय. पडताळलं पण, वरचा अर्धगोल २पाय/३ अधिक खालचा शंकू पाय/३, चोख.

घोळ शंकूच्या बाहेरच्या भागाचा आहे. अख्खा गोल ४पाय/३, त्यातून पाय गेला की पाय/३ उरायला हवं ना. क्लासच्या नोट्समध्ये ठोकताळा दिलाय की शंकूच्या खालचा भाग असेल तर फाय पाय/४ ते पाय घ्या, तसं केलं की उत्तर येतं उणे पाय! घनफळ उणे कसं येईल? पाय/२ पर्यंत घेतलं की बरोबर येतं, पण उत्तर माहीत नसताना हे ओळखायचं कसं?

आणि यातला |वाय| ≤ एक्स एवढाच तुकडा हवा असेल तर थीटा ७पाय/४ ते पाय/४ लिहायचा का? प्लीज कोणीतरी सांगा.

प्रतिसाद १: रो म्हणजे ओरिजिनपासूनचं अंतर, ते उणे होत नाही. म्हणून आधी २ कॉस फाय ≥ ० कुठवर आहे ते बघ, पाय/२ तिथूनच येतं. हा गोल एक्सवाय प्लेनला ओरिजिनपाशी टेकून अख्खा वर बसलाय, खाली काहीच नाही. पायपर्यंत जायचं ते रो = २ सारख्या, ओरिजिनभोवतीच्या गोलाला. नोट्समधला ठोकताळा त्या गोलाचा आहे, इथे लावूच नकोस. थीटा उणे पाय/४ ते पाय/४ घे. ७पाय/४ पासून सुरुवात केलीस तर ९पाय/४ पर्यंत जावं लागेल, नाहीतर थीटाची रुंदी उणे ३पाय/२ होईल.

धागाकर्ता: खूप आभार! मग शंकूबाहेरचा तो तुकडा पाय/१२ येतोय, बरोबर?

प्रतिसाद १: बरोबर. थीटा २पायऐवजी पाय/२ झाला, म्हणजे पाय/३ चा पाव.