प्रीमियर, पोस्टर, भोंगा: तुम्ही काय पाहिलंत?

मंडळी, गेल्या गुरुवारी एका मराठी सिनेमाच्या प्रीमियरला गेले होते. भाचा संकलकाच्या हाताखाली होता, म्हणून दोन पास मिळाले. एकाच वेळी तीन ऑडिटोरियममध्ये खेळ. कलाकार एकातून दुसऱ्यात पळत होते. बाहेर फोटोंची झुंबड. माझं सगळं लक्ष मात्र भाच्याकडे. पहिल्या विनोदावर लोक हसले तेव्हा त्याने माझं मनगट घट्ट धरलं. तो प्रसंग त्याने शेकडो वेळा पाहिला होता, पण भरल्या थेटरात एकदाही नाही.

'राजा हरिश्चंद्र'चा निमंत्रितांसाठीचा खेळ २१ एप्रिल १९१३ला मुंबईत ऑलिंपियामध्ये झाला आणि तिकीट काढून येणाऱ्यांना तो ३ मेपासून गिरगावात कॉरोनेशनला बघता आला. पुढे सुरतेत लोक येईनात तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली ती ५७,००० छायाचित्रांची, दोन मैल लांबीच्या चित्राची, आणि तेही तीन आण्यांत! आपण लोकांसाठी काय आणलंय, हे त्या माणसाला नेमकं सांगता येत होतं.

तुमच्यापैकी कुणी प्रीमियरला गेलं असेल, कुणी पोस्टरं चिकटवली असतील. सविस्तर लिहा, ही विनंती.

*

माझे वडील कोल्हापुरात थेटरांची बॅनरं रंगवायचे. मांजरपाटाचे पट्टे शिवून मोठं कापड करायचं, त्यावर सफेदा आणि सरसाचा हात द्यायचा, मग चौकोन आखायचे. हातातल्या फोटोवरही तेवढेच चौकोन. एकेका चौकोनातलं चित्र मोठं करत जायचं. आमच्या पडवीत नायिकेचा एकच डोळा मावायचा. त्याच्या बुबुळात पांढरा ठिपका द्यायला ते मला बोलवायचे. तेवढं काम माझं.

गुरुवारी शेवटचा खेळ सुटला की जुनं बॅनर उतरवून नवं चढवायचं. सिनेमा उतरला की त्याच कापडावर पुन्हा सफेदा, म्हणजे एका चित्राखाली आधीची चार-पाच चित्रं असायची. त्यामुळे वडिलांचं एकही काम आज आमच्याकडे नाही. बाबूराव पेंटरांनी आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः केली, हे ते फार अभिमानाने सांगत. १९२४च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर टिकलं, ते कागदावर छापलेलं म्हणून.

प्रीमियरचा पास त्यांना कधी आला नाही. शुक्रवारी सकाळी ते समोरच्या चहाच्या गाडीपाशी उभे राहायचे आणि माणसं मान वर करून बघतात का, ते बघायचे. फ्लेक्स आल्यावर काम बंद पडलं. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

*

आमच्या गावच्या जत्रेत सिनेमाचा तंबू यायचा. दुपारी जीपवर भोंगा बांधून गावात फेरी: 'आज रात्री ठीक साडेनऊ वाजता...' मागून गुलाबी, पिवळी हँडबिलं उडायची. धुरळ्यात पळून जेवढी मिळतील तेवढी गोळा करायची आणि वह्यांना कव्हर घालायची. माझ्या गणिताच्या वहीवर वर्षभर तलवार घेतलेला नायक होता.

*

२००४ साली 'श्वास' भारताकडून ऑस्करला गेला, तेव्हा मी सहावीत. तिकडे परीक्षकांनी तो बघावा म्हणून खेळ लावावे लागतात, जाहिरात करावी लागते आणि त्याला मोठा पैसा लागतो, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. वर्गात डबा फिरला, मी पाच रुपये टाकले. सिनेमा अंतिम पाचांत आला नाही त्या दिवशी घरचंच कुणीतरी हरल्यासारखं झालं होतं.

*

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे मराठी सिनेमा आपणहून येत नाही, आणावा लागतो. ठरावीक तिकिटांची हमी दिल्याशिवाय थेटर मिळत नाही. मग व्हॉट्सअ‍ॅपवर गट, फोनवर फोन, 'दोन तिकिटं घ्याच वहिनी!' एकदा बर्फ पडत असताना एक आजोबा तासभर गाडीत बसून आले आणि नाट्यगीत लागल्यावर शेवटपर्यंत ताल धरून बसले. त्या दिवशी खर्च भरून निघाला नव्हता, तरी पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा एक सिनेमा लावला.

*

मी वेशभूषेत साहाय्यक. पहिल्या प्रीमियरला आईला घेऊन गेलो. सिनेमा संपला, टाळ्या झाल्या, लगेच दिवे लागले, दारं उघडली. उजेडात पडद्यावरची नावं फिकी पडली आणि लोक उभे राहिल्याने आईला तीही दिसेनात. 'तुझं आलं का रे?' येऊन गेलं होतं.

रविवारी तिकिटं काढून तिला पुन्हा नेलं. आधी आत जाऊन ऑपरेटरला सांगितलं, 'दादा, नावं संपेपर्यंत दिवे नका लावू, आई आलीये.' त्याने थांबवले. डावीकडे, तिसऱ्या ओळीत माझं नाव. आईने घाईने मोबाईल काढून फोटो घेतला. तो हललेला आहे, नाव धड वाचता येत नाही. चार वर्षं झाली, तिचा डीपी तोच आहे.